राखेचा नवस

खरवईतल्या त्या इमारतीत नळाला पहाटे पाऊण तास पाणी येई, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ते भरायला उठायची ती बारा वर्षांची जिज्ञासा. त्या गुरुवारीही तीच उठली. अंगात कणकण होती, घसा दुखत होता. पण आईला ती काही बोलली नाही. बोलली असती तर आईनं कामावर खाडा केला असता, आणि या महिन्यात आईचे दोन खाडे आधीच झाले होते.

ड्रम भरला, बादल्या भरल्या, बाटल्या भरल्या. तोवर तिची आई, संध्या, तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. बाहेरच्या खोलीत चौदा वर्षांचा अमित डोक्यावरून चादर घेऊन पडला होता. तो उठला तेव्हा साडेसहा वाजले होते.

"जिजू, पाणी."

"तुझ्या उशाशी तांब्या आहे."

"मग दे ना. तू उभीच आहेस."

"देते हां, राजेसाहेब. अजून काही? पाय चेपू?"

"चेप की."

तिनं तांब्या त्याच्या पोटावर ठेवला, थोडं पाणी मुद्दाम सांडलं. तो ओरडला आणि दोघंही हसली. भांडण म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. अमित वाईट मुलगा नव्हता. चिंचेची गोळी मिळाली तर अर्धी बहिणीसाठी खिशात ठेवणारा होता. पण खाऊन झालं की तो ताट जागेवर सोडून उठायचा, आणि ते ताट आपोआप उचललं जातं असं त्याला खरंच वाटायचं.

"अमित, ताट," संध्या आतून म्हणाली.

तो अर्धवट वाकला. तेवढ्यात देवासमोर बसलेल्या पुतळाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "संध्या," एवढंच त्या म्हणाल्या. रागानं नाही; भीतीनं. संध्या परत भाकरीकडे वळली आणि ताट जिज्ञासानं उचललं.

या एका शब्दामागची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. पुतळाबाईंचा धाकटा मुलगा कमळाकर, संध्याच्या नवऱ्याचा, धर्मेशचा भाऊ, चार वर्षांचा असताना चुलीपाशी खेळता खेळता उकळत्या पेजेच्या टोपावर पडला होता. तेव्हा घर शेतावरचं होतं, दवाखाना लांब होता. पोर दोन दिवस जगलं. पुढे कित्येक वर्षांनी अमित जन्मला तो निळा पडलेला. आठ दिवस काचेच्या पेटीत होता. त्या आठ दिवसांत पुतळाबाई गावदेवीपुढे पदर पसरून म्हणाल्या, "हा पोऱ्या वाचव. याच्या हाताला चुलीची राख लागू देनार नाय मी."

अमित वाचला. घरात चूलही उरली नाही, गॅस आला. पण राख गेली तरी नवस राहिला, आणि वाढत गेला. राखेच्या जागी शेगडी आली. मग शेगडी ज्या खोलीत आहे तिचा उंबरा. मग झाडू, मग फडकं, मग उष्टं भांडं, मग स्वतःचं ताट. सहा वर्षांचा असताना अमितनं एकदा लाटणं हातात घेऊन वेडीवाकडी पोळी लाटली होती आणि सगळ्यांना दाखवत फिरला होता. पुतळाबाईंनी रडत रडत त्याचे हात तीनदा धुतले. त्यानंतर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राही, आत जात नसे.

जिज्ञासासाठी कुणी नवस बोललं नव्हतं. त्यामुळे तिच्या हाताला काहीही लागलं तरी चालत होतं.

संध्यानं प्रयत्न केला नव्हता असं नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं एका कागदावर दोन्ही मुलांच्या पाळ्या लिहून फ्रिजवर चिकटवल्या. अंथरूण अमितनं काढायचं, स्वतःचं ताट विसळायचं, एक दिवसाआड केर. पहिले चार दिवस अमितनं सगळं आवडीनं केलं. केर काढताना तो बहिणीला पाय वर घ्यायला लावायचा आणि मोठ्यानं कॉमेंट्री करायचा. पाचव्या दिवशी त्याला ताप चढला, एकशे तीन. अख्ख्या खरवईत तेव्हा तापाची साथ होती. पण पुतळाबाईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी धर्मेशनं फ्रिजवरचा कागद काढला.

"आईच्या जिवाला कशाला घोर?" तो म्हणाला. "पोरगी करतेय ना सगळं? चाललंय ना?"

संध्या तेव्हा गप्प बसली. सासू म्हातारी म्हणून, किंवा नवऱ्याला घाबरून नव्हे. त्या तीन रात्री मुलाच्या तापलेल्या कपाळावर पट्ट्या ठेवताना तिच्याही मनात येऊन गेलं होतं की खरंच काही असलं तर? बारावी शिकलेली, नवसावर विश्वास नसलेली बाई. पण तिनंही तो कागद परत लावला नाही. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती.

मात्र रोज सकाळी कंपनीत जायला निघताना तिचा पाय घरातून निघत नसे. आनंदनगरच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम, परतायला संध्याकाळचे साडेसहा. धर्मेशची शिफ्ट बदलती. मध्ये सगळं घर बारा वर्षांच्या पोरीवर. "गॅस नीट बंद कर हां," ती दारातून रोज म्हणायची, आणि रोज ते एकट्या जिज्ञासालाच म्हणायची. त्या गुरुवारीही म्हणाली. जिज्ञासा "हो गं आई" म्हणाली. तिचा हात गरम लागतोय हे संध्याला जिना उतरल्यावर जाणवलं, आणि रिक्षा उभी होती म्हणून ती परत वर गेली नाही.

जिज्ञासा दुपारी शाळेतून आली ती कठड्याला धरून जिना चढत. तरी तिनं भांडी घासली, आजीला जेवायला वाढलं, पाच वाजता अमित क्लासवरून आल्यावर त्याला पोहे करून दिले. मग आजीच्या चहासाठी दूध बारीक आचेवर ठेवलं आणि तिथंच, ओट्याजवळच्या थंड फरशीवर चटई टाकून ती टेकली. दोन मिनिटं पडू, असं ठरवून. तापानं तिला ओढून नेलं.

दूध वर आलं, कडेवरून ओघळलं, आणि बर्नरची ज्योत विझली. बटण चालूच राहिलं.

अमित बाहेर मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसला होता. वास त्याला आला, पण त्यानं मान वर केली नाही. पुतळाबाईंना जरा उशिरानं आला. त्यांनी नाकाला पदर लावला.

"सोरला वाटतं कंपनीवाल्यांनी वास. अमित, खिरक्या लावून घे रे."

त्या भागात राहणाऱ्यांना यात वेगळं काही वाटलं नसतं. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांच्या बाजूनं कधी कुजक्या अंड्यासारखा, कधी औषधासारखा उग्र वास यायचा, लोक एकमेकांना फोन करून "तुमच्याकडे पण आला का?" विचारायचे, आणि खिडक्या लावून बसायचे. अमितच्या घरात मुलानं करायचं असं एकच काम होतं, ते हे. खिडक्या लावणं म्हणजे बाहेरच्या गोष्टीचा बंदोबस्त. त्यात हाताला राख लागत नव्हती. त्यामुळे ते काम तो मन लावून करायचा. त्यानं हॉलच्या दोन्ही खिडक्या लावल्या. बाल्कनीचं दार ओढलं. स्वयंपाकघराची खिडकी आत होती. ती त्यानं उंबऱ्यातूनच काठीनं ढकलून बंद केली. खाली चटईवर बहीण झोपलेली त्याला दिसली. झोपू दे बिचारीला, असं त्याला वाटलं. मग त्यानं एक टॉवेल ओला करून बाहेरच्या दाराच्या फटीत कोंबला.

गेल्याच महिन्यात विज्ञानाच्या परीक्षेत त्यानं लिहिलं होतं की स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साठतो. त्याला पैकीच्या पैकी गुण होते. पण शेगडी पेटवताना गॅसच्या वासाची जी एक झुळूक नाकाला लागते, ती त्याच्या नाकाला आयुष्यात कधी लागलेली नव्हती.

सहा वाजून वीस मिनिटांनी रिक्षातून संध्यानं घरी फोन लावला. शेजारी बसलेली करिष्मा, तिच्याच लाईनवर पॅकिंग करणारी, हसत होती. "काय रे देवा, पंधरा मिनिटात पोचशील ना घरी? रोज काय हजेरी घेतेस?"

"पोरगी सकाळी तापली होती गं," संध्या म्हणाली. "हॅलो, अमित? जिजू कुठाय?"

"झोपलीय."

"कुठे?"

"आत. खाली."

"बरं. आजीला चहा दिला का?"

"माहीत नाही. आई, आज कंपनीचा वास लय बेकार आलाय. डोकं दुखायला लागलं. सगळ्या खिडक्या लावल्या मी."

संध्यानं रिक्षाच्या बाहेर पाहिलं. रिक्षा खरवईच्या वळणावर होती. तिनं दीर्घ श्वास घेतला. धूळ होती, कुठल्याशा गाडीवरच्या वड्याचा वास होता. दुसरं काहीही नव्हतं.

"अमित." तिचा आवाज एकदम खाली गेला. "गॅसवर काय आहे?"

"मला काय माहीत?"

"आजी कुठाय?"

"देवाजवळ. दिवा लावतेय. काडेपेटी सापडत नव्हती, आता सापडली."

देव स्वयंपाकघराच्या भिंतीवर होते.

"अमित, काडेपेटी घे तिच्या हातातून! आत्ता! लाईटच्या बटणाला हात लावू नको. तो घरातला गॅस आहे, अमित, आपल्या घरातला आहे!"

अमित धावला आणि उंबऱ्याशी थांबला. घाबरून नव्हे, त्याचे पाय आठ वर्षं तिथंच थांबत आले होते. आत पुतळाबाईंनी पेटी उघडली होती, काडी चिमटीत होती. खाली जिज्ञासाचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि एक हात चटईबाहेर, तळवा वर करून पडला होता.

"आजी, नको!"

"आत नको येऊ! नवस हाय तुजा, भायेर हो!"

त्यानं उंबरा ओलांडला. आजीच्या हातावर त्यानं फटका मारला. काड्या फरशीवर पसरल्या. पुतळाबाई किंचाळल्या. त्यानं फोन कानाशी दाबला.

"घेतली. आई, घेतली. आता काय करू?"

"खिडकी उघड. दार उघड. मग ओट्याखाली सिलेंडर आहे, त्याच्यावरचं बटण फिरव."

खिडकी त्यानं उघडली. मग ओट्याखाली वाकला. तिथं अंधार होता, कांद्याची टोपली होती, लाल सिलेंडर होतं, त्यावर काहीतरी बसवलेलं होतं, त्यातून नळी निघाली होती. यातलं बटण कुठलं?

"कुठलं आई? कुठलं?"

"वरचं! गोल! उजवीकडे फिरव!"

त्याच्या हाताला नळी लागली. त्यानं ती पकडून पिळली, ओढली. काहीतरी सैल झालं आणि फुस्सकन मोठा आवाज सुरू झाला. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"आई, आवाज येतोय. आई, माझ्या हातून काहीतरी झालं."

रिक्षात संध्यानं सीटचा दांडा घट्ट धरला. करिष्माचं हसू केव्हाच गेलं होतं. तिनं आपला फोन काढला. "शेजारी कोण आहे? नंबर बोल, पटकन."

"महिपतीकाका," संध्या म्हणाली आणि तिला नंबर आठवेना. रोज डोळ्यांसमोर असलेला नंबर. तिनं डोळे मिटले, आकडे एकेक करून ओठांवर आले, करिष्मानं लावला. मग संध्या आपल्या फोनमध्ये म्हणाली, "सोड ते, अमित. सिलेंडर सोड. जिजूला ओढ बाहेर. काखेत हात घाल आणि ओढ. आजीला सांग दार उघडायला. मी आले, राजा, मी आलेच."

जिज्ञासा बारीक होती, पण बेशुद्ध माणूस किती जड असतं हे अमितला तेव्हा कळलं. तिच्या टाचा फरशीवर घासत होत्या. दाराशी त्यानंच कोंबलेला टॉवेल अडकून बसला होता आणि पुतळाबाईंना तो निघत नव्हता. त्या खाली बसून दोन्ही हातांनी ओढत होत्या, तोंडानं देवीचं नाव घेत होत्या. टॉवेल निघाला. दार उघडलं तर समोरच्या घरातले महिपतीकाका उघडेच, कमरेच्या लुंगीवर उभे होते. फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. ते नाकावर हात धरून आत गेले, वाकले, आणि मनगट एकदा वळवलं. आवाज थांबला.

मनगट एकदा वळवायचं. एवढंच काम होतं ते.

जिन्याच्या चौकात जिज्ञासाचे ओठ काळपट दिसत होते. अमित तिच्या गालांवर चापट्या मारत होता, "जिजू, ए जिजू, पाणी देऊ? मी आणून देतो, थांब, मी देतो." तेवढ्यात संध्या जिना चढून आली. ज्या रिक्षातून आली, त्याच रिक्षातून मुलीला मांडीवर घेऊन ती दवाखान्यात गेली. वाटेत मुलीच्या छातीवर तळवा ठेवून ती मोजत राहिली. मध्येच एक श्वास आलाच नाही असं वाटलं, आणि त्या क्षणी संध्यानं गावदेवीला काहीही कबूल केलं असतं. पुतळाबाई चौदा वर्षांपूर्वी कुठं उभ्या होत्या, ते तिला तेव्हा कळलं.

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून दोन तास गेले. मग जिज्ञासानं डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि मास्क बाजूला करायला धडपडली. संध्या वाकली.

"दूध उतू गेलं का गं?" पोरीनं विचारलं. "आजी ओरडली?"

संध्या तिथं रडली नाही. बाहेर आली. बाकावर पुतळाबाई बसल्या होत्या, शेजारी अमित भिंतीला डोकं लावून. तेवढ्यात कंपनीतून धर्मेश आला, ग्रीसचे डाग पडलेल्या कपड्यांत, धापा टाकत. भीतीनं त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तोंडातून शब्द निघाले ते असे:

"कितीदा सांगितलं तिला, गॅस चालू ठेवून झोपायचं नाही! अक्कल आहे का कार्टीला?"

"तिला नाही बोलायचं." संध्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी बाकावरचे दोघंही सरळ झाले. "तापानं फणफणलेली पोर आहे ती. घरात अजून दोन माणसं होती. एकाला शेगडी कशी बंद करतात ते माहीत नाही, कारण आपण त्याला माहीत होऊ दिलं नाही. तुम्ही कागद काढलात, मी काढू दिला. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा, आणि मग स्वतःवर."

धर्मेश बाकाच्या कडेला बसला. अमित जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबा, मला बंद करता आलं नाही. मी नळीच ओढली."

पुतळाबाईंनी सुनेचा पदर धरला. "पोऱ्या आत गेला गो. हात लागला त्याचा. आता देवी त्याला..." संध्या त्यांच्या पायाशी फरशीवर बसली.

"आई, कमळाकरभावजी गेले ते तुमच्या पोटातलं दुःख आहे. मला ते हसण्यावारी न्यायचं नाही. पण आज तुमच्या नातवाला वाचवता वाचवता तुमची नात जात होती. तिच्यासाठी काय मागितलं होतं आपण देवीकडे?"

म्हातारीनं धरलेला पदर सोडला. त्या म्हणाल्या, "मी तिच्यासाठी कवाच काय बोलले नाय." आणि पदरात तोंड घालून रडल्या.

शनिवारी जिज्ञासा घरी आली. डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली होती. रविवारी सकाळी धर्मेश पाणी भरायला उठला. अर्धा ड्रम भरला आणि अर्धं पाणी मोरीबाहेर गेलं.

दहा वाजता संध्यानं अमितला हाक मारली. तो उंबऱ्याशी येऊन थांबला. आता त्याला नवसाची नव्हे, सिलेंडरची भीती वाटत होती. "नको आई. माझ्या हातून परत काहीतरी होईल."

"म्हणूनच ये."

पुतळाबाई दारात आल्या. पहाटेपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. "मी जातंय देवळान," त्या म्हणाल्या. "देवीला काय सांगू, ते तरी सांग."

संध्याला त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. ताप कुणालाही येतो, मुलं कधीही आजारी पडतात. उद्याच अमितला साधं पडसं झालं तर या घरात काय होईल, आणि आपल्या मनात काय येईल, हे ती जाणून होती.

"सांगा, नवस सुनेनं मोडला," ती म्हणाली. "कोप करायचा तर तिच्यावर कर म्हणावं. पोरांच्या वाटेला जाऊ नको."

पुतळाबाई गेल्या नाहीत. चौकटीला धरून उभ्या राहिल्या, डोळे गच्च मिटून. आतल्या खोलीतून जिज्ञासा उशीवरून मान उंचावून बघत होती.

संध्या ओट्याखाली वाकली. मुलाचा हात तिनं आपल्या हातात घेतला; तो बर्फासारखा गार होता. दोन्ही हात तिनं त्या गोल बटणावर ठेवले.

"फिरव. उजवीकडे."

अमितनं फिरवलं. खट्ट झालं.

"हे बंद. आता चालू कर. मग परत बंद कर, आणि या वेळी मी हात धरणार नाही."

तिनं हात काढून घेतला. अमितनं वळून आजीकडे पाहिलं.

"तिकडे नको," संध्या म्हणाली. "इकडे बघ."